फांद्या रोवणाऱ्यांचं आडनाव

त्या फांद्या कुणीतरी हलवल्या होत्या. उपटल्या, उचलून नेल्या आणि जिथे वाळू माणसाला गिळते तिथे नीट ओळीने पुन्हा रोवल्या. ज्याने हे केलं तो संध्याकाळी घरी गेला, हात धुऊन जेवायला बसला. महिन्याभराने चर्चच्या भिंतीत दुसऱ्याच माणसाला दोषी ठरवणारा दगड बसवला जात होता, तेव्हा हाही टोपी हातात धरून, मान खाली घालून गर्दीत उभा राहिला. दीडशे वर्षं झाली. त्याचं नाव कुणी विचारलं नाही, कारण विचारायची कुणाला गरजच वाटली नाही. दोषी सापडला होता ना!

थिर्झा ब्रॉबर हे सगळं वडिलांच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आली होती. पुरावा काहीही नव्हता. दगड मात्र होता, स्कार्थच्या चर्चमध्ये, डाव्या भिंतीवर: ‘वाटाड्या जाबेझ ब्रॉबर याच्या निष्काळजीपणामुळे वाळूत बुडालेल्यांच्या स्मरणार्थ.’ खाली बुडालेल्यांची नावं. त्या दिवशी तिचा पूर्वज जाबेझही बुडाला होता. त्याच्या स्मरणार्थ मात्र कुणी काही लिहिलं नव्हतं. दर रविवारी प्रार्थनेला बसलं की थिर्झाला आपलं आडनाव त्या दगडावर दिसायचं, आणि प्रार्थनेतलं एक अक्षर डोक्यात शिरायचं नाही.

हे आडनाव सगळ्या इंग्लंडमध्ये फक्त या खाडीकाठी होतं. ओहोटी लागली की स्कार्थसमोरचं पाणी क्षितिजापर्यंत मागे जातं आणि मैलोगणती ओली वाळू उघडी पडते. पलीकडे कर्कबेक गाव आहे. रेल्वे येण्याआधी माणसं, गाड्या, वराती, मयती, सगळं याच वाळूवरून जायचं. पण ही वाळू रोज बदलते. नदी कालच्या जागी आज नसते. म्हणून वाटाड्या आधीच्या ओहोटीला एकटा जाऊन काठीने वाळू चाचपतो, आणि घट्ट जागा सापडली की तिथे लॉरेलची फांदी रोवतो. लॉरेलच का, तर तिची पानं भरतीच्या पाण्यातही गळत नाहीत. त्या फांदीला इकडे ‘ब्रॉब’ म्हणतात. ती रोवणारा तो ब्रॉबर.

दगड बसल्यावर चुलत घराण्यांनी एकेक करून आडनाव बदललं. उरले दोघं, थिर्झा आणि तिचे वडील एमॉस. वाटाड्याचं काम तर तेव्हाच हातातून गेलं होतं. पण या वसंतात शेवटचा वाटाड्या वारला. त्याची जागा घ्यायला कुणी पुढे येईना, तेव्हा इतिहासाची पदवी घेऊन गावी परतलेली ही सव्वीस वर्षांची मुलगी खाडी समितीपुढे जाऊन उभी राहिली. समितीतल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी ठरलं ते असं: ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी माणसं घेऊन पलीकडे जाऊन दाखव. जमलं तर काम तुझं. नाही जमलं तर ही वाट कायमची बंद.

त्या शनिवारी सकाळी एमॉसने तिच्या बुटांच्या नाड्या स्वतः तपासल्या. त्याचे गुडघे गेले होते. तो वाळूत येऊ शकत नव्हता. शेजारी त्याला गाडीने वळसा घालून पलीकडे सोडणार होता.

“पोरी, अजून वेळ आहे. आईचं आडनाव लाव. रेडमेन चांगलं नाव आहे. माणसं निदान तुझ्यामागून चालतील तरी.”

“बाबा, मला त्यांना ब्रॉबरच्याच मागून चालवायचंय.”

“हट्टी आहेस.”

“कुणाची मुलगी आहे?”

तो हसला नाही. “मग एक लक्षात ठेव. आपली फांदी सोडून दुसऱ्याच्या फांदीवर भरवसा नाही. काही झालं तरी.”

फांद्या तिने आदल्या दिवशीच्या ओहोटीला रोवल्या होत्या, चोवीस. प्रत्येकीला निळ्या सुतळीची गाठ मारली होती.

समितीने भिंतींवर पत्रकं लावली होती, पण आले सात जण. त्यातले पाच शेजारच्या शहरातले, ज्यांना या आडनावाशी काही देणंघेणं नव्हतं. सहावे पिकथॉल मास्तर. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते खाडीकाठच्या आडनावांवर एक पुस्तिका लिहीत होते, आणि अकरा वर्षांत इंग्रजी ‘बी’च्या पुढे सरकले नव्हते. सातवी डॉर्कस हेस्केथ. गावातल्या दुकानाची मालकीण, साठीची, जिभेला धार. तिच्या खापरपणजीचं, मेरीचं, नाव त्या दगडावर होतं.

“तुम्ही येताय?” थिर्झाला खरंच नवल वाटलं.

“तू काय करतेस ते पाहायला कुणीतरी नको का? साक्षीदार म्हणून येतेय. आमच्या घरातल्या एकीला तुमच्या घराण्याने बुडवलंय. दुसरी इतक्या सहजी नाही बुडायची. पोहता येतं मला.”

“या वाळूत पोहून उपयोग नसतो, मिसेस हेस्केथ.”

“बघा, निघायच्या आधीच शुभ बोलली!”

दुपारी साडेबाराला ते निघाले. ऊन फिकट होतं, वारा नव्हता. बुटांखाली वाळूवरच्या लाटांच्या वळ्या टणक लागत होत्या. पहिली फांदी, दुसरी, तिसरी, निळी सुतळी सगळीकडे जागच्या जागी. थिर्झाच्या छातीवरचं दडपण जरा उतरलं. मास्तर तिच्या बाजूने धापा टाकत चालले होते आणि बोलतही होते.

“थिर्झा, तुझ्या नावाची सगळ्यात जुनी नोंद सापडली मला. मठाच्या वह्यांमध्ये. तुला वाटतं तसं हे आडनाव बापाकडून मुलाकडे जात नव्हतं बरं का. वाटाड्या वाळूत गेला, की त्याच्या मागून जो पहिली फांदी रोवेल त्याला हे नाव मिळायचं. रक्ताचा संबंध नाही. पहिली नोंद तर एका बाईची आहे. अ‍ॅग्नेस. नवरा वाळूत गेला, आणि दुसऱ्या दिवशी ही फांद्या घेऊन निघाली.”

“म्हणजे हे नाव कमवावं लागायचं.”

“दर वेळी. नव्याने.”

“आणि घालवता पण यायचं का?” मागून डॉर्कस म्हणाली. “तेही लिहा पुस्तिकेत.”

बाराव्या फांदीपाशी अर्ध्याहून जास्त खाडी मागे पडली होती, आणि तिथे धुकं आलं.

ते समुद्राकडून लोटत वगैरे आलं नाही. वाळूतूनच वर आलं. आधी घोटे दिसेनासे झाले, मग गुडघे, आणि मग दोन्ही किनारे, सूर्य, आकाश सगळं एकाच मळकट पांढऱ्या रंगात बुडालं. आवाज विझले. माणसं बोलत होती, पण बोलणं तोंडापाशीच पडत होतं.

“एकमेकांचे हात धरा,” थिर्झा म्हणाली. “माझ्या पावलावर पाऊल. इथून नदीपर्यंत फांद्या जवळजवळ आहेत. तेरावी साठ पावलांवर.”

साठ पावलं झाली. सत्तर झाली. फांदी नव्हती.

ती खाली वाकली. फांदीच्या जागी एक खळगा होता, पाण्याने भरलेला, कडा अजून न ढासळलेला. फांदी वाहून जाते तेव्हा असा खळगा राहत नाही. कुणी सरळ वर उपसून काढली तरच राहतो.



तिने फोन काढला. फोनवरचा नकाशा ती कुठे उभी आहे ते सांगत होता. पायाखाली काय आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. किनारा बचाव दलाचा माणूस शांत आवाजात म्हणाला, जागेवरच थांबा, धुक्यात आम्हाला तासभर लागेल. थिर्झाने घड्याळ पाहिलं. भरतीला चाळीस मिनिटं होती. मागे फिरायचं तर आलेली वाट तासाभराहून लांब होती. पुढचा किनारा अर्ध्या तासावर होता.

“काय झालं?” डॉर्कसने विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. ती बोलली नाही. “माझी फांदी कुणीतरी काढलीय.”

शहरातल्या एका बाईने नवऱ्याचा दंड घट्ट धरला. डॉर्कस मात्र हसली, कोरडं.

“झालं. तेच पुराण. कुणीतरी काढली! दीडशे वर्षं तुमच्या घरात हेच गाणं...”

“श्श,” मास्तर म्हणाले.

“मला गप्प करू नका, मास्तर.”

“नाही हो... ऐका.”

ठक्.

धुक्यात कुठेतरी, पुढे, उजवीकडे. लाकडावर लाकूड. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, थोडं लांबून... ठक्. ठक्.

“कोण आहे तिकडे?” थिर्झा ओरडली.

उत्तर आलं नाही. वास मात्र आला. कडू बदामासारखा, हिरवा, ओला. लॉरेलची फांदी नुकती तोडली की येतो तो. भर खाडीत, जिथे दोन्ही काठांपर्यंत एकही झाड नाही.

त्याच वेळी मास्तरांनी डावीकडे बोट दाखवलं. “ती बघ! तुझी फांदी!”

धुकं क्षणभर विरळ झालं होतं. डावीकडे वीस पावलांवर एक फांदी उभी होती. तिच्या मागे अजून एक, आणि अजून एक, नीट ओळीत. निळी सुतळी स्पष्ट दिसत होती.

डॉर्कसने सुस्कारा सोडला. “अगं, मग सरळ सांग ना, तूच वाट चुकलीस म्हणून! चल, चल लवकर.”

थिर्झाचं एक पाऊल पुढे पडलंही होतं. वडिलांचा आवाज कानात होता, आपली फांदी सोडून दुसऱ्याच्या फांदीवर भरवसा नाही. आणि या तिच्याच होत्या. गाठ तिचीच, पान तिच्या अंगणातल्या झाडाचं. आपल्या फांदीवर डोळे मिटून भरवसा ठेवणं, ही चूक या खाडीत फक्त ब्रॉबरच करू शकतो.

ती थांबली.

तिने काठी पुढे केली, हात लांबवला आणि त्या पहिल्या फांदीच्या अलीकडे वाळूत टेकवली. वाळू वरून गुळगुळीत होती, चकचकीत, एखाद्या तबकासारखी. काठी टेकली, आणि टेकलीच नाही. आवाज न करता आत गेली, हातभर, दोन हात. तिने ओढली तर वाळूने ती धरून ठेवली, आणि चहूबाजूंनी सगळा पट्टा साईसारखा थरथरला. त्या ओळीतल्या सगळ्या फांद्या एकदम हलल्या आणि पुन्हा ताठ उभ्या राहिल्या.

मागे शहरातली ती बाई हमसून रडू लागली.

“मिसेस हेस्केथ,” थिर्झा म्हणाली. “काल मी या ओळीत एकही फांदी रोवली नव्हती. तुम्ही साक्षीदार म्हणून आलात ना? मग बघा. नीट बघा. तो निष्काळजी नव्हता. तो स्वतःच्या फांद्यांच्या मागून गेला.”

डॉर्कस बघत होती. तिचा चेहरा धुक्याच्या रंगाचा झाला होता. तिच्या तोंडून निघालं, “म्हणजे आमची मेरी... अशी... या फांद्यांकडे बघत...”

ठक्. ठक्.

उजवीकडून. या वेळी जवळून.

थिर्झाने काठी उपसली आणि आवाजाच्या दिशेने वळली. तीस पावलांवर एक फांदी होती. तिला सुतळी नव्हती. थिर्झा फांद्या करवतीने कापायची. ही कोयत्याच्या एका तिरक्या घावाने तोडली होती, आणि लाकूड अजून पांढरं होतं, रस सुटत होता. तिने बुंध्याशी काठी ठोकली. घट्ट. दगडासारखी वाळू. भोवती पावलाचा ठसा एकही नव्हता.

“ही कुणी लावली?” मास्तरांनी कुजबुजत विचारलं.

“मला माहीत नाही.”

“मग... जायचं?”

वडिलांचा नियम मोडायचा होता. तिने मोडला. पण डोळे मिटून नाही. प्रत्येक फांदीपर्यंतची वाळू तिने पावलागणिक काठीने चाचपली, आणि प्रत्येक वेळी ती घट्ट निघाली. एक फांदी गाठली की पुढे ठक् ऐकू यायचं. आवाज कधी घाई करत नव्हता, कधी लांब जात नव्हता. म्हातारं माणूस मागच्यांना दम खाऊ देतं, तसा थांबत होता. एकदा धुक्यात वाकलेली एक पाठ दिसल्यासारखी वाटली, खांद्यावर फांद्यांची मोळी. थिर्झाने डोळे ताणले तेव्हा तिथे फक्त फांदी होती, पानं अजून हलत होती.

नदी आली. मांडीपर्यंत पाणी, बर्फासारखं. पाण्याच्या मधोमध एक फांदी प्रवाहात थरथरत उभी होती. ते एकमेकांना धरून उतरले. डॉर्कसचा पाय घसरला तशी थिर्झाने तिला कमरेशी धरलं.

“सोडू नकोस हं, पोरी,” डॉर्कस दात वाजवत म्हणाली.

“आमच्या घराण्यावर विश्वास नाही ना तुमचा?”

“मेली! आत्ता टोमणे मारतेस?”

आणि त्या पाण्यात, त्या धुक्यात, दोघी हसल्या. जिवंत माणसांचं हसू ते. धुकंसुद्धा त्याला दाबू शकलं नाही.

मागे दूर कुठेतरी घोंघावल्यासारखा आवाज सुरू झाला. भरती. थिर्झाने मागे वळून पाहिलं नाही.

नदीपलीकडे वाळू चढी झाली, पायांना गवत लागलं, पण ठक् ठक् थांबलं होतं. एक शेवटची फांदी आडवी पडली होती, न रोवलेली. जणू कुणी ती त्यांच्यासाठी ठेवून गेलं होतं. थिर्झा ती उचलायला वाकली, पण डॉर्कसने आधी उचलली. ती गुडघ्यांवर बसली, दोन्ही हातांनी वाळू उकरली आणि फांदी खोल रोवून भोवती मुठी मारमारून पक्की केली. नखांत वाळू, केस तोंडावर.

मास्तर चष्मा पुसत म्हणाले, “मिसेस हेस्केथ, मठाच्या नोंदीप्रमाणे आता हे आडनाव तुमचंही झालं बरं का.”

“मेले असते तरी घेतलं नसतं,” ती उठत म्हणाली. मग थिर्झाकडे बघून, हळू, “पण मेले नाही ना.”

धुकं फाटलं ते किनाऱ्यावर पाय पडल्यावर. समोर कर्कबेकचा जुना धक्का, समितीची माणसं, ट्रॅक्टर, आणि घडीच्या खुर्चीवर बसलेला एमॉस. त्याने माणसं मोजली, बोटाने, एकेक करून. सात. आणि आठवी त्याची. मग त्याने खुर्ची मागे ढकलली आणि त्या गेलेल्या गुडघ्यांवर तो उभा राहिला.

थिर्झा काही बोलणार त्याआधी डॉर्कस धक्क्यावर चढली. दुकानात उधारी मागणाऱ्यावर ओरडायची त्या आवाजात ओरडली:

“ऐका रे सगळे! फांद्या हलवल्या होत्या! मी डोळ्यांनी पाहिलंय! आज पण, आणि तेव्हा पण! उद्या सकाळी चर्चमध्ये छिन्नी घेऊन कोण येतंय? कुणी नाही आलं तर मी एकटी तो दगड फोडीन. आणि नवा कोरायचा तर पहिलं नाव जाबेझ ब्रॉबरचं. आमच्या मेरीच्या वर!”

कुणी टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. समितीच्या अध्यक्षाने टोपी काढली. त्या गर्दीतही थिर्झाच्या मनात आलं, टोपी काढून उभ्या असलेल्यांपैकी एखाद्याच्या नखांत अजून वाळू असेल. तिने एकेक चेहरा पाहिला. आज तिला कुणाला भ्यायचं नव्हतं. ज्याने केलं त्यानेच आता तिला भ्यावं.

वाटाड्याच्या वहीत तिने सही केली. थिर्झा ब्रॉबर. पूर्ण, ठळक, कागदावर पेन रुतेपर्यंत दाबून. एमॉस ते अक्षर बघत बसला, पुन्हा पुन्हा, जणू वाचायला नव्यानेच शिकत होता.

“बाबा, तुमचा नियम मोडला मी. कोयत्याने तोडलेल्या, बिनसुतळीच्या फांद्यांमागून आलो.”

“नाही मोडलास,” तो म्हणाला. “दुसऱ्याची फांदी नव्हती ती.”

मागे पाणी आता सगळ्या खाडीवर पसरलं होतं, करडं, सपाट, वेगाने चढत. कुठे एक फांदी दिसत नव्हती. ट्रॅक्टरवाला लेन क्रॅग किटलीतून चहा ओतत होता. तो खाडीकाठचा नव्हता, दोन वर्षांपूर्वीच कुठूनतरी कामाला आलेला. त्याने थिर्झाच्या हातात कप दिला आणि चिंतेने पाण्याकडे बघत म्हणाला:

“तुमच्या पुढे जो म्हातारा आला ना, त्याला पण मी चहा देत होतो. घेतलाच नाही. उलट पावली पाण्यात शिरला. म्हटलं, अहो बाबा, भरती आलीय! तर म्हणतो, मागची माणसं अजून यायचीयत.”